छाटणीच्या दिवशीची काठी

छाटणी चालू असली की कुत्रा लांब बसत नाही. कात्रीची कचकच, धपाधप पडणाऱ्या फांद्या, ओणवा झालेला माणूस. त्याच्या लेखी हा सगळा खेळच. त्या दुपारी ढिगातली एक फांदी त्याने उचलली. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, सरळसोट, बुंध्याकडची म्हणून पानं झडलेली. फेकाफेकीला याहून चांगली काठी शोधून सापडायची नाही. ती तोंडात आडवी धरून, मान उंच करून अंगणाला दोन फेऱ्या झाल्या, मग ती पायाशी आणून टाकली आणि शेपटीने तगादा लावला. माणसाने काठी उचलली, हात मागे गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की कात्री कुठल्या झुडपावर चालली होती. कण्हेर. काठीवर दातांचे चार खळगे होते. एका जागी साल सुटून आतलं हिरवट ओलं लाकूड दिसत होतं, आणि त्या ओलीवर लाळ चकाकत होती.

कुत्र्याला काही झालं नाही. तोंड पाण्याने धुतलं, डॉक्टरांना फोन झाला, रात्रभर दर दोन तासांनी नाडी मोजली गेली, सकाळी स्वारी नेहमीसारखी दारात उभी. पण न घडलेल्या गोष्टी घडलेल्यांपेक्षा जास्त टोचत राहतात. ते झुडूप त्याच कुंपणाशी सात-आठ वर्षं उभं होतं. तोच कुत्रा रोज सकाळी त्याच बुंध्याशी पाय वर करत होता, उन्हाळ्यात त्याच्याच सावलीला झोपत होता. एवढ्या वर्षांत एका पानाला त्याने तोंड लावलं नव्हतं.

'कण्हेर कुत्र्याला चालते का?' याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. बागेत हौसेने लावल्या जाणाऱ्या झुडपांत इतकं विषारी दुसरं सहसा नसतं. मुळं, खोड, साल, पान, फूल, शेंग, बी, सगळं विषारी. एवढं बहुतेकांना ठाऊकही असतं. पण त्या एका शब्दातून सात-आठ वर्षं काहीच का झालं नाही ते कळत नाही, आणि त्या दुपारी नेमकं काय बदललं तेही कळत नाही. काळजी कशाची घ्यायची ते तर तिथेच दडलेलं असतं.

आधी झुडूप नीट ओळखावं, कारण कण्हेर या नावाखाली दोन वेगळी झाडं नांदतात. गुलाबी, पांढरी, लाल फुलं येतात ती खरी कण्हेर. तिची एक डहाळी हातात घेऊन पेरं बघा: बहुधा एका पेऱ्यावर तीन पानं, तिन्ही एकाच पातळीवर, पंख्याच्या पात्यांसारखी. पान चामड्यासारखं जाड, वीतभर लांब, वरून गडद आणि खालून फिकट. उजेडाकडे धरलं की मधल्या शिरेपासून दोन्ही कडांकडे जाणाऱ्या बारीक शिरा कंगव्याच्या दातांसारख्या दाट आणि समांतर दिसतात. शेंग लांब, बारीक, काठीसारखी. ती वाळून उकलली की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. दुसरी ती पिवळी कण्हेर, बिट्टी. तिची पानं अरुंद, चकचकीत, एकेक करून फांदीवर चढत गेलेली. पान तोडलं की दुधासारखा चीक टपकतो. फुलं पिवळ्या नरसाळ्यांसारखी, आणि फळ हिरवं, कोनदार, पिकल्यावर काळं पडणारं, आत कठीण बाठा. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर हा फरक महत्त्वाचा आहे. खरीची भीती पानाची आणि काठीची, बिट्टीची भीती फळाची. ते आपणहून जमिनीवर पडतं, घरंगळतं, आणि पिल्लाच्या जबड्यात चेंडूसारखं बसतं. विषाची जातकुळी मात्र दोन्हींची एकच.

ही जातकुळी हृदयावर चालणारी. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक बारीकसा पंप असतो. तो एका फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर ढकलतो आणि पोटॅशियमचे दोन आत ओढतो. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने तो 1957 साली खेकड्याच्या पायांच्या मज्जातंतूंत शोधला आणि चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये, त्याबद्दल त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कण्हेरीतलं विष, ओलिअँड्रिन, नेमकं या पंपाला जाऊन चिकटतं. पंप अडला की पेशीत सोडियम साचतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम साचतं, आणि बाहेर रक्तात पोटॅशियम चढतं. हृदयाचे स्नायू आधी जोराने आवळतात, मग ताल चुकतो: कधी ठोके मंदावतात, कधी दोन ठोक्यांमध्ये नको इतका खंड पडतो, कधी भलतीकडूनच ठोके सुटतात. फॉक्सग्लव्ह या युरोपातल्या फुलझाडातलं द्रव्य याच घराण्यातलं. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 मध्ये अंगावरच्या सुजेवर त्याचे उपचार नोंदवले, तेव्हा मात्रेवर त्याने फार भर दिला होता, कारण औषध आणि विष यांत अंतर थोडं होतं. कुंपणाशी उभ्या झुडपाला मात्रा ठाऊक नसते. जात, ऋतू, झाडाचा भाग यांप्रमाणे पानापानात विष कमी-जास्त असतं. म्हणून 'एकच पान खाल्लंय, एवढ्याने काय होतंय' हा हिशेब चुकीचा. पान तेच, पण खाणारा तीस किलोचा आहे की चार किलोचा, यावर सगळं बदलतं. घोड्यासारख्या धिप्पाड जनावराला दहा-वीस पानं पुरतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग इतकी वर्षं काही का झालं नाही?

कारण ती कडू असते. जिभेवर पसरणारा, घशाला धरणारा कडूपणा. मोठा, पोट भरलेला कुत्रा हिरवं पान हुंगतो, फार तर एकदा चावतो आणि थुंकतो. झुडूप जोवर हिरवं आणि उभं आहे तोवर हा पहारेकरी जागा असतो. पण पान वाळलं की कडूपणा उतरतो आणि विष मात्र जवळपास तसंच राहतं. जनावरांना विषबाधा झाल्याच्या हकिगती पाहा. पुष्कळदा त्यांत झुडूप उभं नसतंच. छाटलेला ढीग असतो, वैरणीत मिसळलेला पाला असतो, कोपऱ्यात लोटलेला वाळका कचरा असतो. काठीची गोष्ट आणखी वेगळी. काठी कुत्रा खाण्यासाठी उचलत नाही, चघळण्यासाठी उचलतो. लाळेत भिजवून, साल सोलून, तुकडे करून तासभर चघळण्यात त्याला चवीशी फारसं देणंघेणं नसतं. तोंडात काहीतरी कुरकुरतंय यातच आनंद. पिल्लाचं तर विचारूच नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दात बदलतात, हिरड्या शिवशिवतात, आणि जगातली प्रत्येक वस्तू आधी तोंडात जाते, मग कळते. कडूपणाचा पहारा पिल्लापुढे चालत नाही.

म्हणून झुडपापेक्षा दिवस मोजावेत. छाटणीचा दिवस, वादळानंतरची सकाळ, बिट्टीची फळं पडायचे आठवडे, नवं पिल्लू घरी आल्यानंतरचं पहिलं वर्ष, घरात फुलदाणी ठेवली असेल तो दिवस. देठातलं विष पाण्यात उतरतं आणि तहानलेला कुत्रा फुलदाणी आणि आपलं भांडं यांत भेद करत नाही. पाण्याचं भांडं झुडपाखाली ठेवण्याची चूकही अशीच सहज होते: सावली असते, पाणी गार राहतं. पण कण्हेर बारमाही हिरवी, म्हणजे पानं थोडी थोडी वर्षभर गळतात, आणि भांड्यात पडलेलं पान दिवसभर भिजत राहतं.

कडूपणावर विसंबू नये याचं दुसरं उदाहरण तर आणखी गोड आहे. ब्रुनफेल्सिया नावाचं एक झुडूप असतं. फूल उमलतं तेव्हा जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी पांढरं, त्यामुळे एकाच वेळी तीन रंग दिसतात. इंग्रजीत त्याला 'काल, आज आणि उद्या' अशा अर्थाचं नाव आहे. वासही असा की संध्याकाळी पाय आपोआप तिकडे वळतात. या झाडाबद्दल वाईट ऐकलेलं क्वचितच कुणी भेटतं. पण ते धोतऱ्याच्या कुळातलं आहे, आणि त्याची छोटी फळं, बोंडं कुत्र्यांना आवडतात. खाल्ली की ओकाऱ्या, मग अंग थरथरणं, चारही पाय काठीसारखे ताठ होणं, आणि झटके. कुचल्यातलं विष, स्ट्रिक्नीन, दिलंय की काय असं वाटावं इतकं ते चित्र त्याच्यासारखं दिसतं, आणि त्याचे परिणाम कधी कधी कित्येक दिवस रेंगाळतात. कण्हेरीला सगळे बिचकतात, याला सगळे अंगणाच्या मधोमध लावतात. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी फूल सुकताच देठाशी खुडून टाकलं तर फळ धरत नाही. पण रोज न चुकता खुडणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. त्यापेक्षा ते लावू नये.

आणि निरुपद्रवी म्हणावीत अशी झुडपं? जास्वंद आहे, बकाबका खाल्ली तर जुलाब होतील, इतकंच. मोगरा आहे. गुलाब आहे, काटे सोडले तर. पण गुलाबाच्या आळ्यात काय घातलं आहे ते विचारल्याशिवाय 'गुलाब चालतो' असं म्हणू नये. एरंडीची पेंड हे उत्तम खत, आणि कुत्र्याच्या नाकाला खमंग. एरंडाच्या बीतलं रायसिन तेलात उतरत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणजे तेल गाळून घेतलं की विष मागे पेंडीत उरतं. भरपूर उष्णता देऊन ते मोडता येतं, पण पोत्यातली पेंड तशी तापवलेली आहे की नाही हे तिच्याकडे पाहून कळत नाही. हाडांचा चुरा घातला तर कुत्रा आळं उकरून तो मूठमूठ खातो आणि पोटात त्याचा सिमेंटसारखा गोळा बसतो. गोगलगायींसाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी तासाभरात झटके येऊ शकतात. झुडपाच्या विषाबद्दल तावातावाने बोलणारे आपण, आळ्यात हाताने काय कालवलं ते सहज विसरतो.

कुत्र्याने कण्हेर खाल्लीच, किंवा खाल्ल्याचा दाट संशय आहे, तर लक्षणांची वाट पाहायची नाही. पहिल्या दोन तासांना मोल आहे; तोवर पोटातलं बाहेर काढता येतं. तोंडातले तुकडे बोटांनी काढा, हिरड्या आणि जीभ ओल्या फडक्याने पुसा, किती वाजले ते लिहा, चावलेली डहाळी पिशवीत घाला आणि निघा. निघता निघता फोन करा: वजन किती, कधी खाल्लं, अंदाजे किती, पान की फळ. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. हा उपाय आपल्याकडे तोंडोतोंडी फिरतो आणि त्याने रक्तातलं मीठ इतकं चढतं की मेंदूला इजा होते. एका विषावर दुसरं विष. दूध पाजूनही काही साधत नाही. उलटी करवायला हायड्रोजन पेरॉक्साइडचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण डॉक्टरांनी फोनवर मात्रा सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नये. आणि कुत्रा मलूल झाला असेल, लडखडत असेल, तर उलटी करवायचीच नाही. ती श्वासनळीत जाते.

पुढच्या काही तासांत आधी पोट बोलतं: लाळेच्या तारा, उमाळे, उलट्या, जुलाब, कधी त्यात रक्त. इथे माणूस फसतो, कारण उलटी झाल्यावर कुत्रा जरा सावरतो आणि 'निघालं सगळं' असं वाटतं. हृदयाची गडबड त्याच्या मागून येते. म्हणून नाडी पाहता यायला हवी, आणि ती चांगल्या दिवशी शिकून ठेवायला हवी. कुत्रा उभा किंवा कुशीवर असताना मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ, दोन बोटं आडवी ठेवा. अंगठा नको, अंगठ्यात आपलीच नाडी लागते. हाडाच्या जरा पुढे एक दोरीसारखी टपटप लागते. फार दाबलं तर ती हरवते, म्हणून हात हलका ठेवावा. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. शांत बसलेल्या मोठ्या जातीच्या कुत्र्याचे मिनिटाला 60 ते 100 भरतात, छोट्यांचे 100 ते 140. आकड्यापेक्षा ताल बघा. कुत्र्याची नाडी श्वासाबरोबर थोडी पुढेमागे होते, ते नेहमीचंच. म्हणूनच आपल्या कुत्र्याचा ताल बोटांना आधीपासून ठाऊक हवा. मग एखादा ठोका येतच नाही, दोन घाईघाईने येतात, पुन्हा मोकळी जागा, हे बोटाखाली चटकन कळतं. ओठ वर करून हिरडी दाबा: बोट काढल्यावर पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. त्याहून वेळ लागला, हिरडी फिकट झाली, पाय गार पडले, तर एक मिनिटही घालवू नका.

दवाखान्यात काय होतं हे माहीत असलं की भीती जराशी कमी होते. उलटीचं इंजेक्शन, मग काळ्या भुकटीचा घोट, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल. तो बहुधा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, कारण हे विष यकृतातून पित्ताबरोबर परत आतड्यात उतरतं आणि तिथून पुन्हा रक्तात चढतं. ईसीजी लावून ठेवतात. ठोके फार मंदावले तर अ‍ॅट्रोपिन, भलतीकडून सुटू लागले तर लिडोकेन, शिवाय पोटॅशियमवर डोळा. उतारा म्हणावा असं एक औषध आहे: माणसांना डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध जास्त झाल्यावर देतात ती, मेंढ्यांच्या रक्तातून बनवलेली प्रतिपिंडं. ती कण्हेरीच्या विषालाही पकडतात. पण ती महाग असतात आणि सगळीकडे मिळत नाहीत. त्यामुळे बहुतेक वेळा कुत्रा वाचतो तो वेळेवर झालेल्या उलटीने, चारकोलने आणि दिवस-रात्र पडद्यावरची ती वाकडी रेघ बघत बसलेल्या माणसाने.

एवढं सगळं माहीत असूनही कण्हेर उपटायला हात धजत नाही, हे खरं आहे. पाणी नको, खत नको, गुरं तोंड लावत नाहीत, खारा वारा सोसते, आणि सगळं करपलेलं असताना ही फुलांनी लदलेली. हिरोशिमा शहराचं अधिकृत फूल कण्हेरच आहे; 1945 च्या बॉम्बनंतर त्या जळक्या मातीत आधी फुललेल्यांपैकी ती एक. असलं चिवट झाड कुऱ्हाडीला द्यायचं म्हणजे मनाला लागतं. तरी पिल्लू येणार असेल तर मी म्हणेन, काढा, आणि ते यायच्या महिनाभर आधी काढा. हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा. वरच्या फांद्या कापून बुंधा गुडघ्याएवढा ठेवा, तो तरफेसारखा हलवायला लागतो. भोवती दीड-दोन हातांचा खड्डा घेत जाड मुळं तोडा, मग गड्डा उपटून काढा. बुंधा नुसता जमिनीलगत कापून सोडला तर महिन्याभरात कोवळे कोंब वर येतात, आणि ते नेमके पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर असतात. तोडलेलं जाळायचं नाही, धूरही बाधतो. उघड्या खताच्या ढिगात टाकायचं नाही. तोंड बांधलेल्या पोत्यात भरून बाहेर. ती माती पुढचे दोन-तीन आठवडे चाळत राहायची, मुळांचे तुकडे वर येतात.

मोठा, शहाणा कुत्रा असेल आणि झाड ठेवायचंच असेल, तर खालच्या फांद्या कुत्र्याच्या तोंडाच्या वर जातील इतक्या उंचीपर्यंत साफ करा, बुंध्यापासून दोन-अडीच हातांवर जाळी लावा, आणि गळालेली पानं रोज झाडा. रोज म्हणजे रोज. याला कंटाळा येणार असेल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आणि छाटणी. कुत्रा आधी आत, दार बंद, नुसता बांधून नव्हे. बांधलेल्या कुत्र्यापर्यंत फांदी उडून जाते. झुडपाखाली जुनी चादर किंवा ताडपत्री पसरायची, झुडपाच्या घेरापेक्षा चहूबाजूंनी हातभर मोठी. कापलेली प्रत्येक फांदी तिच्यावरच. लांब फांद्यांचे तिथेच तुकडे करायचे, म्हणजे काठी म्हणावी असं काही उरतच नाही. चारही टोकं धरून गाठ मारायची आणि गाठोडं लगेच फाटकाबाहेर. 'उद्या बघू' म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं गाठोडं रात्रीत वाळायला लागतं. मग दाताळं दोनदा, एकदा उभं, एकदा आडवं, कारण कण्हेरीची पिवळी पडलेली पानं गवतात लपतात. कात्री साबणाने धुवायची, मोजेही, आणि हात धुतल्याशिवाय कुत्र्याच्या तोंडाला हात लावायचा नाही.

दार उघडलं की तो पहिल्यांदा जिथे ढीग होता तिथेच जातो. जमिनीला नाक लावून एक वेढा घालतो, थांबतो, मातीतलं काहीतरी बारकाईने हुंगतो. तोंड बघावं: रिकामं असतं. मग पायाशी येऊन बसतो आणि काठी मागतो. त्याला चेंडू द्यावा.